ओसरीवरून : दागिने, वाटाणा आणि चित्रपट

गेल्या महिन्यातील एका संध्याकाळी आम्ही नित्याप्रमाणे ओसरीवरील झोपाळ्यावर बसलो होतो. दिवेलागण झाली होती, देवघरात मुलांचा परवचा चालला होता, आणि आमच्या मांडीवर गतमासीच्या ह्या सदरावर वाचकांनी पाठविलेली पत्रे पडली होती. इतक्यात आमची धाकटी भावजय आतून आली व तिने एक जुना पितळी डबा आमच्यापुढे ठेवला. आमचे धाकटे बंधू चार वर्षांपूर्वी वारले. तेव्हापासून ही बाई फारशी बोलत नाही. जे बोलावयाचे ते आमच्या कुटुंबाच्या द्वारे बोलते. त्या दिवशी मात्र ती स्वतःच म्हणाली, ‘‘भावजी, हे तुमच्यापाशी ठेवा. माझ्यापाशी राहिले तर मी ते त्याला देऊन टाकीन.’’

डब्यात काय आहे हे आम्हांस उघडून पाहण्याची गरज नव्हती. आमच्या मातोश्रींच्या पाटल्या, भावजयीच्या माहेरचे गोठ आणि एक पुतळ्यांची माळ. आणि ‘त्याला’ म्हणजे कोणाला हेही सर्व घरास ठाऊक होते. बंधूंचा एकुलता चिरंजीव पुण्यास मोठ्या पगाराच्या नोकरीवर आहे. ती नोकरी सोडून दोघा मित्रांच्या भागीदारीत चित्रपट काढण्याचे त्याने मनात घेतले आहे. नट होण्याचे नव्हे, हे त्याने आम्हांस तीन वेळा बजावून सांगितले. तो निर्माता होणार आहे. निर्माता म्हणजे पैसे घालणारा काय, असे आम्ही विचारले. त्यावर तो हसून म्हणाला, ‘‘काका, पैसे घालणारा निराळा. निर्माता म्हणजे पैसे उभे करणारा, आणि बुडाले तर तोंड दाखविणारा.’’

व्याख्या आम्हांस आवडली. मनुष्याविषयी काळजी मात्र वाढली.

येथे एक कबुली देणे भाग आहे. आम्ही बत्तीस वर्षे शाळेत संस्कृत व मराठी शिकविले. ‘सिनेमा : शाप की वरदान’ हा निबंधाचा विषय आम्ही किती वेळा फळ्यावर लिहिला असेल ह्याची गणना नाही, परंतु ‘शाप’ लिहिणाऱ्यास दोन गुण अधिक पडत, हे वर्गातील ढ मुलासही कळून चुकले होते. तेव्हा ह्या प्रश्नाचा निवाडा करावयास आम्ही निःपक्षपाती पंच नव्हतो. निदान प्रतिपक्षाचा सर्वांत थोर साक्षीदार तपासावा, ह्या हेतूने आम्ही धुंडिराज गोविंद फाळके ह्यांचे चरित्र पुन्हा काढून बसलो. ह्या गृहस्थांचा आणि आमच्या नाशिकचा ऋणानुबंध वाचकांस सांगावयास नको. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचे स्मारक आहे; पाहुणे आले म्हणजे आम्ही त्यांस तेथे नेतो, मुले धावाधाव करतात, आणि आपण काय पाहिले हे न कळता सर्वजण घरी परततात. आम्हीही त्यांतलेच.

दादासाहेब फाळके ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरी जन्मले. वडील दाजीशास्त्री हे व्युत्पन्न पंडित. पुढे संस्कृतच्या अध्यापनासाठी त्यांचे मुंबईस येणे झाले व मुलगा १८८५ साली जे. जे. कलाशाळेत दाखल झाला. शास्त्र्याच्या घरातील मुलगा रंग आणि कुंचला घेऊन बसला, ह्याचे त्या घरी काय वाटले असेल ह्याची कल्पना आमच्या पिढीसही करिता येते. तेथून तो बडोद्यास थोरल्या बंधूंकडे गेला, आणि तेथील कलाभवनात चित्रकला, मूर्तिकाम, छायाचित्रण, मुद्रण असे जे जे दिसेल ते ते शिकत सुटला. रतलामला जाऊन तीन रंगांचे ठसे करण्याची विद्या त्याने हस्तगत केली. गोध्र्यास छायाचित्रांचे दुकान थाटले. प्लेगाने पहिली पत्नी आणि मूल ओढून नेले आणि ते दुकान उठले. पुन्हा बडोद्यास दुकान मांडले, तर छायाचित्र काढविल्याने मनुष्याच्या अंगातील प्राणशक्ती शोषली जाते अशी लोकांत समजूत, म्हणून गिऱ्हाईक नाही. मध्येच एका जर्मन जादूगाराकडून हातचलाखीचे प्रयोग शिकून ‘प्रोफेसर केल्फा’ ह्या नावाने खेळ केले. (फाळके हे नाव उलट वाचावे म्हणजे प्रोफेसरांचा उलगडा होतो.) १९०३ साली पुराणवस्तुखात्यात छायाचित्रकाराची सरकारी नोकरी धरली आणि वंगभंगाच्या चळवळीच्या दिवसांत सोडलीही. त्यानंतर लोणावळ्यास छापखाना, पुढे तो दादरास. रविवर्म्याच्या चित्रांच्या छपाईची कामे. १९०९ साली यंत्रांकरिता जर्मनीची वारी. आणि अखेरीस भागीदारांशी बेबनाव होऊन रिकाम्या हातांनी बाहेर पडणे.

हा सारा तपशील आम्ही धावत सांगितला, कारण खरे चरित्र पुढेच आहे. तथापि क्षणभर थांबून वाचकांनी एवढे ध्यानी घ्यावे की ह्या वेळी फाळक्यांनी चाळिशी ओलांडली होती. घरात पत्नी आणि लहान मुले. एकही धंदा पाच-सहा वर्षांपलीकडे टिकलेला नाही. असा मनुष्य आपल्या आळीत असता तर त्यास आपण काय म्हटले असते? आम्ही काय म्हटले असते हे आम्हांस चांगले ठाऊक आहे. ते छापण्याजोगे नाही.

१९११ च्या ईस्टरच्या सुमारास गिरगावातील तंबूवजा चित्रगृहात त्यांनी ख्रिस्तचरित्राचा मूकपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त चालत होता आणि पाहणाऱ्याच्या मनश्चक्षूंपुढे राम, कृष्ण, गोकुळ, अयोध्या उभी राहात होती, असे त्यांनी स्वतःच पुढे १९१७ साली ‘नवयुग’ मासिकातील आपल्या लेखांत वर्णिले आहे. दुसऱ्या खेळास ते पत्नीसही घेऊन गेले. त्यानंतरचे कित्येक महिने ह्या गृहस्थांनी दिवसा यंत्रे, पुस्तके व सूचीपत्रे आणि रात्री चित्रपट ह्यांवाचून काही केले नाही. परिणाम असा झाला की डोळे अधू झाले, काही काळ तर दिसेनासेच झाले. मुंबईतील एका डॉक्टरांनी अनेक चष्मे पालटून पालटून ती दृष्टी पुन्हा आणली. नंतर विम्याची पॉलिसी गहाण टाकून त्यांनी विलायतेचे भाडे जमविले व १ फेब्रुवारी १९१२ रोजी जहाज गाठले. लंडनात ‘बायोस्कोप’ नावाच्या साप्ताहिकाच्या कचेरीत ते अनाहूत जाऊन उभे राहिले. संपादकाने प्रथम त्यांस ह्या धंद्यापासून परावृत्त करण्याचा प्रयत्न केला. मनुष्य हटत नाही असे पाहून त्यांची सेसिल हेपवर्थ नामक निर्मात्याशी गाठ घालून दिली. विल्यमसन कंपनीचा कॅमेरा, कोऱ्या फिल्मची मागणी आणि फिल्मला भोके पाडण्याचे यंत्र, एवढा प्रपंच घेऊन १ एप्रिल १९१२ रोजी फाळके परत आले, आणि त्याच दिवशी त्यांनी कंपनी स्थापिली.

आता भोकांची गोष्ट. ही आमच्या पुतण्याने आम्हांस समजावून दिली, आणि आम्ही पाटीपेन्सिल घेऊन ती ताळून पाहिली.

चित्रपटाची फीत दोन्ही कडांना टोचलेली असते. यंत्राचे दात त्या भोकांत अडकून फीत पुढे सरकते. भोके वाकडी झाली की पडद्यावर हरिश्चंद्र थरथरू लागतो. त्या काळी फाळक्यांकडे फीत कोरी, म्हणजे न टोचलेली येई. एका फुटात सोळा चित्रे, एका चित्रास प्रत्येक कडेला चार भोके. म्हणजे फुटास एका बाजूस चौसष्ट व दोन्ही मिळून एकशे अठ्ठावीस. ‘राजा हरिश्चंद्र’ची लांबी ३७०० फूट. गुणाकार केला तर ४,७३,६०० भोके होतात. आणि हा हिशेब केवळ प्रेक्षकांनी पाहिलेल्या फितीचा. वाया गेलेली, पुन्हा घेतलेली, कापून टाकलेली फीत ह्यांत नाही.

ही भोके काळोखात पाडावी लागत, कारण उजेड लागला की फीत फुकट. आणि ती कोणी पाडिली? फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंनी.

ह्या बाई पूर्वाश्रमीच्या गिरिजा करंदीकर. १९०२ साली फाळक्यांशी विवाह झाला आणि नाव सरस्वती ठेविले. कंपनीतील साठसत्तर माणसांचा स्वयंपाक त्या एकहाती करीत, त्यांचे कपडे धूत, दिवसा चित्रण चालू असता नटांवर सूर्यप्रकाश परतविण्यासाठी पांढऱ्या चादरी ताणून तासचे तास उन्हात उभ्या राहत, आणि रात्री सर्वत्र निजानीज झाली म्हणजे काळोख्या खोलीत फीत टोचावयास व धुवावयास बसत. रसायने कालविण्याचे व फीत धुण्याचे काम पतीने त्यांस शिकविले होते. चरित्रग्रंथांतून ‘त्यांची साथ लाभली’ अशा एका वाक्यात ही गोष्ट आटोपते. आमचे कुटुंब हे ऐकत होते. ते म्हणाले, ‘‘सत्तर माणसांच्या पोळ्या लाटून झाल्यावर?’’ आणि उत्तराची वाट न पाहता आत गेले.

भांडवलाची कथा अधिक उद्बोधक आहे. विलायतेहून आल्यावर कॅमेरा होता, विद्या होती. पैसा नव्हता, आणि ह्या वेड्या उद्योगास पैसा कोण देणार? तेव्हा फाळक्यांनी एक युक्ती केली. कुंडीत वाटाणा पेरिला, पुढ्यात कॅमेरा रोविला, आणि महिनाभराहून अधिक काळ त्याची क्रमाक्रमाने चित्रे घेत गेले. ती चित्रे सलग फिरविली तेव्हा मिनिटभरात बी फुटून, अंकुर निघून, वेल डोलू लागला. ही फीत त्यांनी निवडक मंडळींस दाखविली. पाहणारांपैकी यशवंतराव नाडकर्णी आणि नारायणराव देवहरे ह्यांनी कर्ज देऊ केले. परंतु कर्जास तारण लागते. ते सरस्वतीबाईंच्या दागिन्यांचे झाले.

येथे आमच्यातील जुना शास्त्री जागा झाला. स्त्रीधनाविषयी याज्ञवल्क्याचा नियम असा आहे की पतीने ते चार प्रसंगींच घ्यावे : दुष्काळ पडला असता, अवश्य धर्मकार्याकरिता, व्याधी झाली असता, आणि कारागृहात पडला असता. एवढ्या प्रसंगी घेतलेले परत न केले तरी चालेल. ह्या यादीत छापखाना नाही, कॅमेरा नाही, चित्रपट तर नाहीच. म्हणजे स्मृतीच्या न्यायाने फाळके दोषी ठरतात. हा युक्तिवाद आम्ही मोठ्या समाधानाने पुतण्यापुढे मांडला. तो म्हणाला, ‘‘काका, त्यांनी घेतले की बाईंनी दिले?’’ याज्ञवल्क्याने ‘घेण्या’चे नियम सांगितले आहेत, हे आम्हांस कबूल करावे लागले.

असो. चित्रपट काढावयाचा तर पात्रे हवीत. ‘इंदुप्रकाशा’त जाहिराती दिल्या. पुरुष मिळाले, दत्तात्रय दामोदर दाबके हे हरिश्चंद्र झाले. तारामती मात्र मिळेना. ज्या स्त्रियांस समाजाने आधीच बाहेर काढले होते त्यांच्या वस्तीतही फाळके जाऊन आले. तेथेही नकार मिळाला. अखेर ग्रँट रोडवरील एका उपाहारगृहात दहा रुपये पगारावर काम करणारा अण्णा साळुंके नावाचा आचारी त्यांच्या दृष्टीस पडला. त्याची बोटे नाजूक होती. पंधरा रुपये देऊ केले आणि आचाऱ्याची तारामती झाली. रोहिदासाचे काम कोणाच्या मुलास द्यावयाचे? पडद्यावर का होईना, आपल्या लेकराचे मरण पाहावयास कोणी आईबाप तयार होईनात. तेव्हा फाळक्यांनी स्वतःचा मुलगा भालचंद्र उभा केला. ज्या घरातील दागिने तारण पडले होते त्याच घरातील मुलगा पडद्यावर मेला, आणि त्याचे मरण जिच्या पोटास पीळ पाडणार ती माता रात्री काळोखात बसून तीच फीत धूत होती. मार्कंडेय पुराणातील हरिश्चंद्रोपाख्यान आम्ही पूर्वी अनेकदा वाचले आहे. राजा ऋण फेडण्याकरिता पत्नीस विकतो, तो भाग मुलांपुढे वाचताना आमचा आवाज नेहमी घोगरा होई. परंतु हीच कथा फाळक्यांनी का निवडली असावी, हा प्रश्न आम्हांस ह्यापूर्वी कधी पडला नव्हता.

काम सुमारे सात महिन्यांत पुरे झाले. आपण कोठे काम करता असे कोणी विचारल्यास ‘हरिश्चंद्राच्या कारखान्यात’ असे उत्तर द्यावे, ही नटमंडळींस मालकाची ताकीद होती. नटास कोणी घरात घेईना, कारखान्यातील कामगारास घेत. ह्याच नावावरून ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ हा मराठी चित्रपट २००९ साली निघाला हे वाचकांपैकी पुष्कळांस स्मरत असेल. २१ एप्रिल १९१३ रोजी ऑलिंपिया नाट्यगृहात निमंत्रितांपुढे पहिला खेळ झाला, आणि ३ मेपासून गिरगावच्या कॉरोनेशन चित्रगृहात सर्वांकरिता. त्या खेळाबरोबर विलायती नाच, विनोदी नकला आणि कसरती असेही जोडकार्यक्रम होते. केवळ हरिश्चंद्रावर लोक येतील असा भरवसा चालकांस नसावा. परंतु लोक आले, आणि येतच राहिले. चार दिवस चालला तरी पुष्कळ, अशा काळात हा खेळ तेवीस दिवस चालला.

सुरतेस मात्र निराळाच प्रकार झाला. तेथील प्रेक्षकांस दोन आण्यांत सहा तास नाटक पाहण्याची सवय. तीन आणे देऊन तासा-दीड तासाचा खेळ कोण पाहणार? पहिल्या दिवशी गल्ला अवघा तीन रुपयांचा झाला. तेव्हा फाळक्यांनी जाहिरात पालटली : सत्तावन हजार छायाचित्रे, दोन मैल लांबीचे चित्र, आणि दर अवघा तीन आणे! दुसऱ्या दिवसापासून गर्दी लोटली. आम्ही येथेही पाटी घेतली. ३७०० फूट गुणिले सोळा म्हणजे ५९,२०० चित्रे होतात. तेव्हा सत्तावन हजारांचे विधान प्रामाणिक, किंबहुना विनयाचे आहे. दोन मैल म्हणजे मात्र १०,५६० फूट! सत्यवचनी राजाच्या चित्राची जाहिरात निम्म्याहून अधिक असत्य होती. ‘‘निर्माता म्हणजे हेच, काका,’’ असे आमच्या पुतण्याने सांगितले, आणि ह्या खेपेस ती व्याख्या आम्हांस तितकीशी आवडली नाही.

पुढे फाळक्यांनी कंपनी नाशिकास आणिली. ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई ह्यांनी काम केले आणि पुरुषाने लुगडे नेसण्याची आपत्ती काही काळ टळली. १९१४ साली ते आपली चित्रे घेऊन पुन्हा लंडनास गेले; तेथे वाहवा झाली आणि तेथेच राहून चित्रपट काढण्याचे बोलावणेही आले. ते नाकारून घरी येतात तो महायुद्ध पेटले. कोरी फीत दुर्मिळ झाली, सावकारांनी हात आखडले. तीन वर्षे रडतखडत गेली, आणि मग १९१७ साली ‘लंकादहन’ आले. ह्यांत राम साळुंके आणि सीताही साळुंकेच! प्रेक्षकांस त्याचे काहीच वाटले नाही. राम पडद्यावर आला की लोक जोडे काढून हात जोडीत. मुंबईत दहा दिवसांत बत्तीस हजार रुपये जमले, आणि नाण्यांच्या थैल्या बैलगाडीतून पोलिसांच्या पहाऱ्यात न्याव्या लागल्या, असे सांगतात.

ह्यास यश म्हणावयाचे तर हे यश. आता त्याची उत्तरार्धातील हकीकत ऐकावी.

पैसा येताच भागीदार आले. १९१८ च्या आरंभी पाच धनिकांसह ‘हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी’ निघाली. ‘श्रीकृष्णजन्म’ आणि ‘कालियामर्दन’ ही चित्रे ह्याच काळातील. त्यांत बाळकृष्ण झाली ती फाळक्यांची लहानगी कन्या मंदाकिनी. दोन्ही लोकांस फार आवडली. परंतु जो मनुष्य स्वतः कॅमेरा चालवितो, स्वतः पडदे रंगवितो, आणि ज्याची पत्नी रात्री फीत धुते, त्यास हिशेबनिसाने एखाद्या दृश्याचा खर्च विचारावा हे कसे साहावे? आणि ज्याने रोख पैसा घातला त्याने तो का विचारू नये? दोन्ही पक्ष खरे होते, आणि म्हणूनच समेट होईना. फाळके सर्व सोडून सहकुटुंब काशीस गेले. तेथे ‘रंगभूमि’ नावाचे नाटक लिहिले. काही वर्षांनी मनधरणी होऊन परत आले, पुन्हा त्याच कंपनीत चित्रे काढू लागले, पुन्हा खटके उडाले. आमच्या मते हा त्यांच्या स्वभावातील मोठा दोष होता. कलावंताचा ताठा आम्ही समजू शकतो. पण दुसऱ्याच्या पैशावर धंदा मांडावयाचा आणि हिशेब विचारल्यास रुसावयाचे, हे आमच्या मास्तरी मनास पटत नाही.

१४ मार्च १९३१ रोजी अर्देशीर इराणी ह्यांचा ‘आलमआरा’ मुंबईत झळकला. चित्रे बोलू लागली. फाळक्यांचे ‘सेतुबंधन’ मूकपट म्हणून घेतलेले, त्यास मागाहून आवाज जोडावा लागला. १९३७ साली कोल्हापूर सिनेटोनकरिता त्यांनी ‘गंगावतरण’ काढिले. बोलपट म्हणून घेतलेले त्यांचे हे एवढेच चित्र आणि शेवटचेही. सदुसष्ट वर्षांचे वय, आणि कसब सारे मूकपटातले. नव्वदांहून अधिक चित्रपट आणि पंचवीसांहून अधिक लघुपट त्यांच्या नावावर सांगतात. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी आमच्या ह्याच नाशकात त्यांचा अंत झाला, तेव्हा त्यांचे नाव चित्रपटव्यवसायात मागे पडले होते. सरकारने त्यांच्या नावाचे पारितोषिक १९६९ साली सुरू केले. पहिले देविका राणी ह्यांस मिळाले. ‘हरिश्चंद्रा’च्या चार रिळांपैकी पहिले व शेवटचे तेवढे पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने जतन केले, आणि तेही १९१३ चे की १९१७ साली पुन्हा घेतलेल्या चित्राचे ह्याविषयी जाणत्यांत एकमत नाही. म्हणजे त्या पावणेपाच लाख भोकांपैकी अर्धीअधिक काळाने गिळली.

हे सर्व चरित्र आम्ही एका रविवारी जेवणानंतर घरातील सर्वांस वाचून दाखविले. आमचा अंतस्थ हेतू असा की, उत्तरार्ध ऐकून पुतण्याचे मन पालटावे. त्याने सर्व शांतपणे ऐकिले. भावजय दाराआड बसली होती. वाचन संपल्यावर आम्ही म्हटले, ‘‘फाळक्यांनी पैसा मागण्यापूर्वी वाटाणा दाखविला. तू काय दाखविलेस? तीन कागद, आणि त्यांवर आकडे.’’

त्यास आमचे बोलणे लागले असावे. तो काही न बोलता उठला आणि संध्याकाळच्या गाडीने पुण्यास गेला. पुढल्या शनिवारी आला तो हातात एक कुंडी आणि आपला एक जुना मोबाईल घेऊन. स्वयंपाकघराच्या पूर्वेकडील खिडकीत त्याने कुंडी ठेविली, तीत वाटाणे पेरिले, मोबाईल एका फळीस करकचून बांधला, आणि ह्या यंत्रास कोणीही हात लावू नये असे सर्वांस बजावून निघून गेला. आमच्या कुटुंबाची त्या खिडकीत सांडगे वाळविण्याची जागा; त्यांनी चार दिवस कुरकुर केली. पाचव्या दिवशी पहाटे आम्ही पाणी प्यावयास उठलो, तो खिडकीपाशी भावजय उभी. तिच्या हातात पाण्याची झारी होती आणि कुंडीस धक्का लागू नये म्हणून ती श्वास रोखून थेंब थेंब पाणी घालीत होती. आम्ही खाकरलो. ती म्हणाली, ‘‘त्याने सांगितलंय, पाणी रोज एकाच वेळी घाला म्हणून. नाहीतर सावली हलते म्हणे.’’

अठरा दिवसांनी घरातील पांढरी चादर ओसरीच्या भिंतीवर ताणून आम्हां सर्वांस ते चित्र दाखविण्यात आले. सारे मिळून पाऊण मिनिटाचे. माती फुगली, तिला तडा गेला, एक वाकडी मान वर आली, सरळ झाली, पाने उलगडली, आणि तो कोवळा तंतू हवेत काही तरी धरावयास शोधीत गोल गोल फिरू लागला. मधूनमधून एका कोपऱ्यात बांगडी ल्यालेल्या हाताची छाया क्षणभर दिसे आणि नाहीशी होई. मुलांनी चार वेळा पुन्हा लावावयास सांगितले. चौथ्या वेळी आमच्या कुटुंबानेही सांगितले.

रात्री आम्ही पुतण्यास बोलावून विचारले की, एकूण किती पैसा लागेल, त्यांतील किती दुसऱ्याचा, आणि हिशेब कोण लिहिणार? त्याने उत्तरे दिली. दोन पटली, एक पटले नाही, आणि ते का पटले नाही हे आम्ही कागदावर लिहून दिले. नोकरीवर सहा महिन्यांची बिनपगारी रजा मिळत असल्यास ती आधी मागावी, राजीनामा नंतर, एवढे त्याने मान्य केले. दागिन्यांची गोष्ट त्याने काढिली नाही. आम्हीही काढिली नाही.

सकाळी आम्ही आमच्या कपाटातून तो पितळी डबा काढिला आणि भावजयीकडे नेऊन दिला. ती म्हणाली, ‘‘भावजी, मी तुम्हांला ठेवायला दिला होता.’’ आम्ही म्हटले, ‘‘डबा तुझा आहे. द्यावयाचा तर तू दे, ठेवावयाचा तर तू ठेव. माझ्या कपाटात त्याचे काम नाही.’’ तिने तो हाती घेतला, पदराने पुसला, आणि फडताळात वाटाण्याच्या बरणीमागे ठेवून ती चुलीकडे वळली, कारण दूध उतू जात होते.